सहा फुटी फळी, पाऊण फुटाचे तुकडे

४ मार्च, सोमवार

ही वही आणली ती ह्यांच्यासाठी. पुढच्या बाजूने ह्यांची उदाहरणं, आणि उलटी धरली की मागच्या बाजूने माझं लिहिणं. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण कोरी वही दिसली की हात शिवशिवतो तो शिवशिवतोच.

ह्यांना झटका येऊन सव्वा महिना झाला. पायात बरंच बळ आलंय, काठी घेऊन चालतात. उजवा हात मांडीवर ठेवला की अजून तिथेच राहतो. बोलणं मात्र पार गेलेलं. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या मॅडम आहेत, वयाने आमच्या सुनेपेक्षाही लहान, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना छोट्या मॅडम म्हणते. आज त्या चित्रं दाखवत होत्या. पंखा, खुर्ची, दार. हे बघताहेत, ओठ हलताहेत, पण शब्द काही येत नाही. ज्या माणसाने जन्मभर खुर्च्या केल्या त्याला खुर्ची म्हणता येईना! माझ्याने बघवेना, मी खिडकीबाहेर तोंड करून बसले.

मग मॅडमनी टेबलावरचा पेला उचलला आणि विचारलं, "काका, ह्यात काय आहे?"

हे म्हणाले, "पाऊण."

अगदी स्वच्छ, खणखणीत. मी गर्रकन वळून पाहिलं. पेला खरंच पाऊण भरलेला होता. पाणी म्हणता येत नाही, पेला म्हणता येत नाही, आणि पाऊण म्हणता येतं! मॅडमनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही गणिताच्या शिक्षिका ना? मग रोज ह्यांना चार-पाच सोपी शाब्दिक उदाहरणं घाला. अपूर्णांकांचीच. बघू या काय काय शिल्लक आहे ते."

तीस वर्षं मी पाचवीला अपूर्णांक शिकवले. हे चौथीतून शाळा सोडलेले सुतार. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ह्यांना गणित घालायची वेळ येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. शिल्लक म्हणजे किती असणार, ही धास्ती घेऊनच घरी आले.

५ मार्च, मंगळवार

पहिली पाच उदाहरणं घातली. मी वाचायची, ह्यांनी बोटं दाखवायची किंवा जमलं तर बोलायचं.

अडीच लिटर दूध आहे, पाव लिटरचे किती पेले भरतील? डाव्या हाताची बोटं दोनदा उघडली. दहा. बरोबर.

एक टाकी पाऊण भरली आहे. आहे त्या पाण्यातलं एक तृतीयांश काढून घेतलं. आता टाकी किती भरलेली? हे उदाहरण मी मुद्दाम घातलं. माझ्या वर्गात ह्याला निम्मी मुलं आपटायची आणि उरलेली एकमेकांकडे बघायची. मला आकृती काढून, रंगीत खडू वापरून दोन तास घालवावे लागायचे. हे माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, "निम्मी."

मी खुर्चीतच मागे टेकले. डॉक्टरांनी फोटोत दाखवलेला तो डोक्यातला काळा डाग मी पाहिलाय. त्या डागाच्या शेजारी कुठेतरी ही टाकी सुखरूप उभी आहे, पाण्यासकट. माझं नाव येत नाही ह्यांना, टाकी येते. राग यावा की हात जोडावेत ते कळेना, शेवटी हातच जोडले.

पाचपैकी पाच. लाल पेनने बरोबरच्या खुणा करताना मला माझ्याच पहिल्या वर्गासारखं वाटलं.

७ मार्च, गुरुवार

लंबू येऊन गेला. हा ह्यांचा भागीदार, सव्वीस वर्षं दोघं एकाच शेडमध्ये काम करतात. उंच इतका की आमच्या दारातून आत येताना सवयीनेच वाकतो. ह्यांच्याशी बसून एकटाच बोलत राहिला, कोणतं कपाट अडलंय, कोणत्या गिऱ्हाइकाने फोनवर डोकं खाल्लं. हे मान हलवत होते.

जाताना दारात मला म्हणाला, "वहिनी, मिस्त्रींचा हात नसला तरी चालंल. हात माझा आहे. पण माप काढणारं डोकं त्यांचं होतं. ते डोकं परत येणार असंल तर मी थांबतो."

"आणि नसेल तर?"

तो चपला घालत राहिला. मग खालीच बघत म्हणाला, "दुसरा एक मिस्त्री विचारतोय जागेचं. मी त्याला महिनाअखेरीला सांगतो म्हणालोय. त्याच्यापुढं नाही थांबता यायचं हो, कामं पडून आहेत."

म्हणजे असं आहे. छोट्या मॅडम २६ तारखेला ह्यांची पुरी परीक्षा घेणार आहेत. त्यांनी लिहून दिलं की डोकं मापाच्या कामाला चालतं, तर ह्यांची जागा राहिली. नाही तर शेड गेली, आणि हे मुलाच्या घरी बाल्कनीत बसणार. मुलाने खोली तयारच ठेवली आहे. चांगला आहे मुलगा. पण बाल्कनीत बसलेले हे मला डोळ्यांपुढे आणता येत नाहीत.

९ मार्च, शनिवार

आज वाटलं, ह्यांच्या ओळखीचं काहीतरी घालावं. मोठ्या हौसेने लिहिलं: सहा फूट लांबीची एक फळी आहे. तिचे पाऊण फूट लांबीचे किती तुकडे होतील?

सहा भागिले तीन चतुर्थांश. आठ. पाचवीतलं अगदी सरळ उदाहरण.

ह्यांनी सात बोटं दाखवली.

मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा सात. म्हटलं, "अहो, पाऊण फूट. चार तुकड्यांचे तीन फूट, मग सहा फुटांत किती?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरतेय. मग डाव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत राहिले, चिमटीतून काही सांडावं तसं. बोटांना मुंग्या येत असणार. मी तेल कोमट करून पंधरा मिनिटं चोळून दिलं. मध्येच हात काढून घ्यायला बघत होते, पण मी सोडला नाही.

पहिली लाल फुली मारली. हात जड झाला.

१२ मार्च, मंगळवार

आज गंमत झाली. मी वाचलं, "एका पडद्याला तीन चतुर्थांश मीटर कापड लागतं, तीन पडद्यांना किती?" आणि घाईत उत्तरही मीच बोलून गेले, "नऊ चतुर्थांश." हे कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, नऊ चतुर्थांश. कपाळाला आठी. मग मी सहज म्हटलं, "सव्वादोन हो." लगेच मान डोलावली, आणि स्वतः म्हणाले, "सव्वादोन."

मी किती वर्षं मुलांना सव्वा, दीड, अडीच हे शब्द वर्गाबाहेर ठेवायला सांगितले! म्हणायचे, ती बाजारातली भाषा, वहीत अंश आणि छेद लिहा. आता हेच शब्द ह्यांना धरून आहेत. बाकी सगळी भाषा वाहून गेली आणि पाव, निम्मा, पाऊण, सव्वा तेवढे काठाला लागून राहिले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते शब्द एकेक करून म्हटले. इतके छोटे, इतके नेमके शब्द कुणी केले असतील, असा विचार आयुष्यात पहिल्यांदा मनात आला.

साडेचार मीटर कापडाचे पाऊण मीटरचे तुकडे: सहा, बरोबर. पण नऊ फुटी फळीतून दीड फुटाचे कप्पे: पाच म्हणाले. सहा हवेत. दहा फुटी पट्टीचे सव्वा फुटाचे तुकडे: सात. आठ हवेत. पुन्हा ते बोटं चोळणं. पुन्हा तेल.

१४ मार्च, गुरुवार

मला वाटतं मला रोग सापडला. उत्तर एकाने कमी सांगणारी मुलं दर वर्षी एक-दोन असायचीच. तुकडे मोजायचे तिथे काप मोजतात, खांब मोजायचे तिथे मधल्या फटी मोजतात. त्यावरचं औषध मला पाठ आहे. आज खास तीच उदाहरणं घातली. साडेसात मीटर रस्त्याच्या कडेने दर दीड मीटरवर एक झाड, दोन्ही टोकांना झाड हवं, एकूण झाडं किती?

"सहा," म्हणाले. बरोबर! अर्धा वर्ग इथे पाच म्हणतो.

मग सहा फुटी फळी पुन्हा विचारली. सात.

औषध लागू पडलं नाही. रोग दुसराच आहे.

१७ मार्च, रविवार

मुलाचा फोन. म्हणाला, "आई, तू स्वतःला किती दमवशील? बाबांना आता कामाचं ओझं नको. इथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, नात आहे." सगळं खरं आहे. मी म्हटलं, २६ तारखेपर्यंत थांब.

दुपारी एक अवघड उदाहरण घालून पाहिलं. दहा फुटी फळी, पाऊण फुटाचे पूर्ण तुकडे किती? इथे भागाकार पुरा होत नाही, थोडी फळी उरते. हुशार मुलंही अडखळतात. ह्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि दहा आणि तीन बोटं दाखवली. तेरा. बरोबर!

सोपं चुकतं आणि अवघड बरोबर येतं. म्हणजे हा तुक्काच लागला असणार. वहीत तसं लिहून ठेवलं.

१९ मार्च, मंगळवार

आज हिशेब मांडला. एकूण चाळीस उदाहरणं, एकतीस बरोबर, नऊ चूक. नऊच्या नऊ चुका फळ्यांच्या आणि पट्ट्यांच्या. दूध येतं, कापड येतं, रस्ता येतो, टाकी येते. फक्त लाकूड येत नाही. ज्याच्यावर आमचं घर चाललं, नेमका तोच कोपरा त्या काळ्या डागाने खाल्लाय.

मी ही गोष्ट लपवून ठेवली असती. खोटं कशाला लिहू, तासभर तोच विचार केला. पण तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की चूक झाकायची नाही. आणि चुकीच्या मापाने शेडमधल्या कापायच्या मशीनवर काही भलतंच झालं तर? लंबूचा हात असतो तिथे. शेवटी छोट्या मॅडमना चिठ्ठी लिहून तक्ता पाठवला: लाकडाच्या लांबीची उदाहरणं सातत्याने चुकतात, बाकी ठीक.

मग मुलाला फोन केला आणि म्हटलं, रविवारी गाडी घेऊन ये, शेडमधलं सामान हलवू या. तो म्हणाला, "आई, रडू नकोस." मी रडत नव्हते. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर जरा हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच मला फार लाज वाटते आहे. लिफ्ट, नात, कुणीतरी चहा करून देणारं. मला मनातून हे हवंच होतं की काय? लाल फुल्या मारताना माझा हात जड होता असं मी वर लिहिलंय. आता खात्री वाटत नाही.

ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं. मग उठून वहीपाशी गेले, सहा फुटी फळीच्या उदाहरणावर डावं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत बराच वेळ ती चिमूट चोळत राहिले. मी म्हटलं, "राहू द्या आता. तेल देते."

२१ मार्च, गुरुवार

आत्ताच लिहायला हवं.

सकाळी शेडवर गेले, कोणतं सामान न्यायचं ते बघायला. छत्तीस वर्षांत मी तिथे डबा द्यायला म्हणून गेले असेन, तेही दारापर्यंत. आत कधी उभी राहिले नव्हते. एका भिंतीला करवती लांबीच्या क्रमाने टांगलेल्या, रंधे पालथे ठेवलेले, कोन बघायचे गुण्ये खिळ्यांवर. ह्यांचं टेबल लंबूने पुसून ठेवलेलं. त्यावर एकही वस्तू नव्हती.

लंबूला सगळं सांगितलं. डोकं गेलंय, लाकडाचंच गेलंय, म्हटलं. तो हातातली पट्टी घासत राहिला. मलाच राहवेना. म्हटलं, "अरे, इतकं सोपं होतं रे. सहा फुटी फळी, पाऊण फुटाचे तुकडे किती?"

मान वर न करता तो म्हणाला, "सात."

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, "आठ! पाऊण गुणिले आठ, सहा!"

"ते कागदावर, वहिनी. इथं सात."

"इथे का सात?"

आता त्याने वर पाहिलं. मी शिक्षिका आहे हे त्याला माहीत आहे, त्यामुळे उत्तर द्यावं की नको अशा पेचात पडल्यासारखा दिसला. मग एक सहा फुटी फळी ओढली, टेपने मोजून दाखवली, नऊ नऊ इंच आखत मशीनवर घातली. माझ्या कानठळ्या बसल्या. एक तुकडा, दोन, तीन. सात तुकडे टेबलावर रांगेत ठेवले. मग उरलेला, आठवा, माझ्या हातात दिला. म्हणाला, "घ्या. मोजा."

मी मोजला. आठ इंच आणि वर एक बारीक रेघ. नऊ नाहीत. पुन्हा मोजला. इतर सातांच्या शेजारी धरला, सगळ्यांत बुटका.

"पातं खातं ना," लंबू म्हणाला. "एका कापाला एक सूत. आठ सुतांचा एक इंच. सात काप केले, सात सूत गेले. गिऱ्हाइकाला आठ म्हणून सांगितलं तर आठवा कप्पा पडंल की खाली! मिस्त्रींनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. म्हणाले, मोजताना पात्याचंही पोट मोजायचं."

मी खाली पाहिलं. मशीनच्या पायाशी पिवळसर भुसा पडला होता. मी वाकून चिमूटभर उचलला, आणि तो बोटांत धरताक्षणी माझा अंगठा आपोआप बोटावर चोळला गेला.

तिथेच भुशात बसले मी. लंबू घाबरला, पाणी आणायला धावला.

बारा दिवस. बारा दिवस हे मला सांगत होते. शब्द नव्हता तर हाताने सांगत होते, आणि मी तेल लावत होते!

नंतर बसल्या बसल्या एकेक उलगडत गेलं. कापडात चूक नाही, कारण कात्री काही खात नाही. दुधात नाही, टाकीत नाही. दहा फुटी फळीत तेराच, कारण तिथे तीन इंच उरत होते आणि तेरा कापांचा भुसा त्यात आरामात बसत होता. तो तुक्का नव्हता. एका क्षणात, डोळे मिटून, तेरा काप मोजून, तेरा सूत वजा करून, पुरतं का ते बघून दिलेलं उत्तर होतं ते. तेही डोक्यात काळा डाग घेऊन. चाळीसच्या चाळीस बरोबर होती.

तीस वर्षं मी वर्गात खडूने फळ्या कापल्या. रेघ मारायची, तुकडे मोजायचे. त्या रेघेला जाडी नाही असंच धरून चालायचं. खडूची रेघ तर पात्यापेक्षाही जाड असते. हजारभर मुलं होऊन गेली असतील माझ्या हाताखालून, त्यात सुतारांचीही असतील. कुणी सात म्हटलं असेल का कधी? म्हटलं असेल तर मी काय केलं असेल ते मला माहीत आहे.

२२ मार्च, शुक्रवार

काल घरी आले ती तशीच ह्यांच्यापुढे जाऊन बसले आणि मूठ उघडली. भुसा पाहिला ह्यांनी. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही बरोबर होता." आणखी बरंच म्हणायचं होतं. चौथी पास म्हणून मनात जे जे धरलं, बिलं तपासताना जे टोमणे मारले, ह्यांच्या मापांना अंदाजपंचे म्हणायचे, ते सगळं. त्यातलं एवढंच बाहेर आलं. बोलणं गेलेला माणूस कोण, अशी गत झाली.

ह्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि दोनदा थोपटलं. मग वहीतल्या नऊ फुल्यांवर एकेक करून बोट ठेवत गेले आणि प्रत्येक फुलीला हसले. तोंडाची एकच बाजू हसते अजून, पण मनापासून हसले. मला तर वाटतं गेले बारा दिवस ह्यांना माझीच काळजी वाटत असणार.

मुलाला फोन करून म्हटलं, गाडी आणू नकोस. तो म्हणाला, "आई, डॉक्टर काय म्हणतात ते बघू आधी." बरोबर बोलला. माझी चिठ्ठी अजून मॅडमच्या फाइलमध्ये आहे. फोन करून सांगायचा प्रयत्न केला, त्या २५ तारखेपर्यंत रजेवर आहेत.

२६ मार्च, मंगळवार

परीक्षा झाली. मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, "काकू, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. नाहीतर निकाल धरता येत नाही." मी चिठ्ठीबद्दल सांगू लागले तर म्हणाल्या, "नंतर. आधी काकांना बघू दे." मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं.

चित्रं झाली, पंधरापैकी सहा. खुर्ची आज आली. मग छापील उदाहरणं. घड्याळ, पेले, एक केक आणि पाहुणे. सगळी बरोबर. शेवटच्या पानावर त्यांनी वाचलं, "आठ फूट लांबीच्या दांड्याचे अर्ध्या फुटाचे किती तुकडे होतील?"

त्यांच्या उत्तरपत्रिकेत सोळा असणार. हे पंधरा म्हणतील, आणि माझ्या हातची चिठ्ठी फाइलमध्ये आहेच. मी पदर दातात धरून बसले.

हे उत्तर देईनात. मॅडमनी पुन्हा वाचलं. तरी नाही. घड्याळ लावलेलं होतं, ते टिकटिकत होतं. मॅडमनी पेन उचललं. तेवढ्यात ह्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मान थोडी पुढे आली.

"कशानं?" हे म्हणाले.

मॅडमना कळेना. "काय कशानं, काका?"

ह्यांनी डोळे घट्ट मिटले. कपाळावर घाम आला. एकेक शब्द ओढून काढावा तसा काढला. "कापायचं. कशानं?" मग दम घेऊन, "कात्री... सोळा." आणि आणखी दम घेऊन, "करवत... पंधरा."

जवळजवळ दोन महिन्यांत ह्यांनी कुणालाही एक प्रश्न विचारला नव्हता. आम्हीच विचारत होतो आणि हे उत्तरं देत होते. पहिला प्रश्न विचारला तो असा, ज्याचं उत्तर माझ्यापाशी तीस वर्षांत नव्हतं, आणि त्या छापील कागदातही नव्हतं.

मॅडमनी हळूच पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, आता बोला." मी सांगितलं. पातं, सूत, भुसा, तेल, सगळं. ऐकता ऐकता त्यांनी फाइलमधून माझी चिठ्ठी काढली, वाचली, आणि परत माझ्या हातात दिली. मग उत्तरपत्रिकेकडे बघून म्हणाल्या, "हा कागद आम्ही सगळ्यांना देतो. सुतार आला नव्हता कधी."

लिहून दिलं: मोजमाप आणि आखणीचं काम करू शकतात. मशीनला हात लावू नये.

१ एप्रिल, सोमवार

शेडवर हे आज पहिल्यांदा गेले. मीही गेले, आत. लंबूने टेबलाशी उंच स्टूल ठेवलं होतं. हे बसले, डाव्या हाताने टेबलावरून हात फिरवला, टेप मागितला. थोडा वेळ गेला आणि मला म्हणाले, "तू."

"मी काय?"

"सहा फूट. आठ... सारखे." श्वास घेतला. "एक, केवढा?"

मला उदाहरण घातलं! सहा फुटी फळीतून आठ सारखे तुकडे काढायचे, प्रत्येक तुकडा केवढा? तोंडात नऊ इंच आलं होतं, ते गिळलं. कागद घेतला. बहात्तर इंच. सात काप, सात सूत वजा. उरलं एकाहत्तर पूर्णांक एक अष्टमांश. त्याला आठने भागलं. घाम फुटला, पण सोडलं नाही. शेवटी ताठ मानेने सांगितलं, "आठ पूर्णांक सत्तावन्न चौसष्टांश इंच."

लंबू हसत सुटला. "वहिनी, सत्तावन्न चौसष्टांश टेपवर कुठं शोधू?"

हे हसले नाहीत. मान डोलावली, बरोबर, अशी. मग लंबूकडे बघून म्हणाले, "पावणेनऊ. एक सूत. केसभर."

मी कागदावर ताळा घेतला. पावणेनऊतला पाऊण म्हणजे अठ्ठेचाळीस चौसष्टांश. एक सूत म्हणजे आठ. झाले छप्पन्न. उरला एक. एक चौसष्टांश इंच, म्हणजे केसभर. मी कागदाकडे बघत राहिले, ह्यांच्याकडे बघायचा धीर होईना.

मग ह्यांनी आखायला घेतलं. डाव्या हाताने पेन्सिल धरली, रेघ थोडी कापली, पुन्हा गुण्या लावून मारली. लंबूने कापलं. सात काप. शेवटचा तुकडा कापावा लागत नाही, तो आपोआप उरतो, आणि खरी परीक्षा त्याचीच असते. लंबूने मशीन बंद केलं. मी आठही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी उभे केले आणि डोळे मिटून वरून तळहात फिरवला. पहिल्यापासून आठव्यापर्यंत हात कुठेही अडला नाही.